कड्यावरून आलेला निरोप

१

खाणीच्या फाटकाशी निरीक्षकबाई आपला मोबाईल लाकडी पेटीत ठेवत होत्या, तेवढ्यात पायाखालची जमीन उसळली. आधी हादरा, मग आवाज, मग धूळ. रखवालदाराच्या हातातला चहा कपातून उडाला तो थेट त्याच्याच शर्टावर.

"घाबरू नका, मॅडम, रोजचंच आहे," असं म्हणायला थोरल्या मालकांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. "असं कसं? मुकादम आत्ता तर खाली उतरला!"

बाई धावल्या. गुडघ्यांनी तक्रार केली, पण ती त्या नंतर ऐकून घेणार होत्या. कड्यावर माणसं जमली होती. खाली धुळीतून सुरुंगवाला एकटाच दगडांवरून पडत, उठत पुढे चालला होता. एका जागी तो वाकला. त्याच्या हाताला रबरी बूट लागला. त्यानं तो ओढला, आणि जे निघालं ते पाहून वर उभ्या असलेल्या डंपरवाल्यांतला सगळ्यात दांडगा गडी बाजूला जाऊन ओकला. बूट रिकामा नव्हता.

मुकादम गेला होता. आज दुपारी निरीक्षकबाईंना भेटायचं म्हणून ज्यानं स्वतः निरोप धाडला होता, तोच. "समोरासमोर सांगेन, फोनवर नको," एवढंच म्हणाला होता.

"निरोप कोणी दिला?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "मोकळं आहे म्हणून कोणी कळवलं?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. कड्याच्या टोकाला टेहळणीची केबिन होती; खाण रिकामी झाली की सुरुंगवाल्याला निरोप तिथूनच जाई. तिच्या खिडकीच्या काचा फुटल्या होत्या.

बाई पोचेपर्यंत दोन डंपरवाले केबिनमधून एका पोरीला बाहेर काढत होते. उचलून नव्हे, ओढून. तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूनं रक्त मानेवरून पाठीत उतरलं होतं, आणि तिला शुद्ध नव्हती.

"टाका तिलाही खाली!" कोणीतरी म्हणालं. आणि बाकीच्यांनी 'नको' म्हटलं नाही.

२

बाईंनी पोरीला कशी सोडवली हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. आडव्या पडल्या, ओरडल्या, एकाचा हात चावल्या. सरकारी अधिकारी चावते म्हटल्यावर गर्दी क्षणभर गोंधळली, तेवढ्यात थोरल्या मालकांनी ऑफिसचं दार उघडलं. आता आतून कडी होती, बाहेर पहारी घेतलेली माणसं होती आणि पत्र्यावर दगड पडत होते. पोलीस निघाले होते, पण रस्ता लांबचा होता.

पोरीला सगळे घार म्हणत. नजर तशी होती म्हणून. सहा महिन्यांपूर्वी ती टेहळणीवर लागली तेव्हा मुकादम सगळ्यांदेखत बोलला होता, "या पोरीच्या भरवशावर मी सुरुंगात फिरणार नाही." तिनंही सगळ्यांदेखत उत्तर दिलं होतं, "मग फिरू नका." लोकांना तेवढं आठवत होतं. त्यांना तेवढं पुरेसं होतं.

बाईंनी आपल्या ओढणीनं तिचं डोकं बांधलं. पाणी मारलं. तिनं डोळे उघडले.

"मुकादम वर आले का?" हे तिचे पहिले शब्द.

बाई ओढणीची गाठ पुन्हा आवळू लागल्या. तिला काय ते कळलं. तिचा चेहरा आक्रसला, पण रडू आलं नाही. रडायलाही थोडी ताकद लागते.

"काय झालं ते सांग. माझ्या कानात. भिंती पातळ आहेत."

"सुरुंगावरच्या बहिऱ्यादादांनी पडद्यावर विचारलं, झालं का? मला मुकादम खाली दिसत होते. मोठ्या दगडामागे वाकून बघत होते, कोणी राहिलंय का म्हणून. मी लिहायला घेतलं, 'थांबा, मुकादम अजून'... आणि डोक्यात काहीतरी फुटलं."

"पुढे?"

"पुढे तुम्ही."

"मग 'मोकळं' कोणी लिहिलं?"

"मी नाही. मॅडम, मी नाही लिहिलं."

"'थांबा'चं आणखी कोणाला सांगितलंस?"

"सांगायला शुद्ध कुठे होती?"

"मग आता तोंड शिवून टाक. तुझ्या आईनं विचारलं तरी."

बाहेर पहारीचा एक घाव दारावर बसला. फळीला चीर गेली आणि चिरेतून उजेडाची रेघ पोरीच्या पायावर पडली. तिनं पाय आखडून घेतला.

बाईंनी कपाळ पुसलं. खरी अडचण दाराची नव्हतीच. पोरीला इथे आणून ठेवल्यावर, गर्दी मुकादमाला उकरायला खाली पळाली तेवढ्या वेळात, बाई निरोपाच्या दोन्ही कॉम्प्युटरचे पडदे स्वतः पाहून आल्या होत्या. एक कड्यावरच्या केबिनमधला, दुसरा खाणीपल्याड सुरुंगवाल्याच्या आडोशातला. दोन्ही खोल्यांना कुलपं घालून किल्ल्या खिशात टाकल्या होत्या. दोन्ही पडद्यांवर शेवटी दोनच ओळी होत्या. 'झालं का?' आणि तिच्याखाली 'मोकळं'.

'थांबा' कुठेच नव्हतं.

३

"हे सगळं तुम्हीच बसवलंत ना?" बाईंनी विचारलं.

समोर थोरल्यांचे जावई बसले होते. खाणीवर त्यांना जावईबापूच म्हणत, आणि त्यात आदर किती नि टवाळी किती हे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागे. कॉम्प्युटरचं सगळं त्यांच्याकडे. मागच्या महिन्यात कसल्याशा वादावरून मुकादमानं त्यांच्या कानाखाली वाजवली होती, हे रखवालदारानं बाईंना न विचारता सांगितलं होतं.

"हो. सुरुंगाजवळ मोबाईल, वॉकीटॉकी काही चालत नाही. लहरींनी सुरुंग उडू शकतो. आणि सुरुंगवाल्याचे कान गेलेत, त्याला फोन काय करणार? म्हणून जमिनीतून वायर नेली. दोन टोकांना दोन कॉम्प्युटर. काळा पडदा, त्यावर एक आज्ञा द्यायची. आडोशातलं टोक ऐकत बसतं, केबिनमधलं टोक त्याला जोडून घेतं. मग ओळ पुरी झाली की इकडची तिकडे, तिकडची इकडे. बस. चित्र नाही, आवाज नाही."

"आणि कुलूप?"

जावईबापूंचा चेहरा जरा उजळला. त्यांच्या आवडीचा विषय होता. "गेल्या वर्षी एका डंपरवाल्यानं पैजेवर मध्येच वायर सोलून आपला लॅपटॉप जोडला आणि 'मोकळं' पाठवलं. नशीब, खाली कुत्रं होतं. तेव्हापासून दोन्ही टोकं आधी एकमेकांचं ओळखपत्र मागतात. पटलं तरच जोडणी. आणि वायरीतून जे जातं ते कुलूपबंद. मध्ये कोणी कान लावला तर त्याला नुसता कचरा दिसेल. मी सांगतो, मला स्वतःलासुद्धा वाचता येणार नाही."

"म्हणजे 'मोकळं' या दोन खोल्यांपैकी एकीतच लिहिलं गेलं."

"नक्की."

"कोणत्या?"

"ते नाही सांगता येणार," ते ओशाळून म्हणाले. "हे साधं साधन आहे, बाई. कोण बोललं त्याचं नाव छापत नाही. आपण लिहिलेलं आणि समोरून आलेलं, दोन्ही सारखंच दिसतं. आणि नोंदही ठेवत नाही."

बाईंनी डोळे मिटले. इतकं पक्कं कुलूप, आणि आत कोण आहे ते कुलपाला माहीत नाही.

"स्फोट झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"ऑफिसात. मागच्या खोलीत. एकटाच," जावईबापू म्हणाले, आणि 'एकटाच' म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला.

तेवढ्यात थोरले मालक घाईनं आत आले. "मॅडम, उगाच तिसरा माणूस शोधू नका. सुरुंगाचा दगड उडाला, खिडकी फुटली, पोरीच्या डोक्यात बसला. असे दगड उडतात. रक्तानं भरलेला दगड केबिनमध्ये पडलाय, मी बघितला. तिनं चुकून निरोप दिला, तिला शिक्षा झाली. विषय संपला."

"दगड मीही बघितला," बाई म्हणाल्या. "डोक्याची जखम मागे आहे. खिडकी पुढे."

"वळली असेल."

"असेल. पण काचा रक्तावर पडल्यात, मालक. जमिनीवर रक्त खाली आणि काचेचे तुकडे त्याच्यावर, कोरडे. खिडकी स्फोटानं फुटली तेव्हा पोरीचं रक्त आधीच सांडलेलं होतं."

थोरले मालक खुर्चीवर बसले. खुर्ची नव्हती तिथे बसल्यासारखे बसले.

४

सुरुंगवाल्याला बाईंनी ऑफिसातल्या तारांच्या खोलीत बोलावलं. सगळे त्याला तोंडावर बहिऱ्या म्हणत आणि तो तोंडाकडे बघून 'ओ' देई. त्याच्या हातांवर कोपरापर्यंत रक्त वाळलं होतं. मेहुण्याचं. मुकादम त्याच्या बहिणीचा नवरा होता.

बाई ओठ ठळक हलवत बोलल्या. "कळ तू दाबलीस?"

"मीच. निरोप आला, दाबली."

"आधी तू विचारलंस, झालं का. घाई कसली होती?"

"धाकटे मालक सकाळपासून मागे लागले होते. आज निरीक्षण आहे, लवकर उरका, लवकर उरका."

"तुझं आणि मुकादमाचं कसं होतं?"

तो हसला. समोरचे दोन दात नव्हते. "हे त्यानंच पाडलेत, ताई. बहिणीला मारत होता, मी मध्ये पडलो. मी त्याला मारणारच होतो. गावात विचारा कोणालाही. पण समोरून मारला असता. नाव घेऊन. हा असा..." त्यानं रक्तानं माखलेले हात पुढे केले आणि त्यांचं काय करावं ते न कळून पुन्हा मांडीवर ठेवले. "याचे तुकडे गोळा करायचं माझ्या वाट्याला यावं असं कधी मनात नव्हतं. बहिणीला काय दाखवू? बूट दाखवू?"

त्याचे डोळे वाहू लागले, तसा बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. माणूस खोटं बोलत असला तरी चालेल, पण असं रडू नये, असं त्यांना वाटून गेलं.

'मोकळं' त्यानं स्वतःच लिहिलं असेल तर? पडद्यावर ते तसंच दिसलं असतं. पण मग पोरीच्या डोक्यात दगड घातला कोणी? आडोसा खाणीच्या पार त्या बाजूला. एकाच वेळी तिथे कळ दाबायची आणि इथे डोकं फोडायचं, हे काही माणसाचं काम नव्हे. थोरले मालक तर फाटकाशी त्यांच्याच शेजारी उभे होते.

म्हणजे राहिले दोन. मुकादमाची थप्पड खाल्लेले जावईबापू. आणि घाई करणारे धाकटे मालक, थोरल्यांचे भाऊ.

बाहेर आरडाओरडा वाढला. कोणीतरी डंपर सुरू केला होता. इंजिनाचा आवाज हळूहळू ऑफिसच्या दाराच्या दिशेनं सरकत होता.

५

डंपर थांबवला तो धाकट्या मालकांनी. चालकाला कॉलरला धरून खाली खेचलं, गर्दीला दोन शिव्या हासडल्या आणि रुमालानं मान पुसत आत आले. देखणा माणूस. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपलीच काहीतरी चूक झाली.

"बाईसाहेब, किती वेळ थोपवू? पोरीला माझ्या गाडीतून घेऊन जातो. पोलिसांच्या हवाली करतो."

"करू की. आधी थोडं बोलू. स्फोटाच्या वेळी आपण कुठे होतात?"

"आडोशात."

बाईंनी मान वर केली. "सुरुंगवाला म्हणतो, तो एकटा होता."

"त्याला काय ऐकू येतंय? त्याचं तोंड पडद्याकडे. मी मागे दारात उभा. काम उरकलं का बघायला गेलो होतो. त्याच्या पाठीमागे वरात गेली तरी त्याला कळणार नाही."

खरंच होतं. बहिऱ्या माणसाच्या पाठीमागे कोण होतं हे बहिरा माणूस कसं सांगणार?

"मग आपण निरोप येताना पाहिला?"

"तेच तर सांगायला आलोय. मला त्या पोरीबद्दल वाईट वाटतं, पण लपवून ठेवणं बरं नाही." ते पुढे वाकले, आवाज खाली आणला. "मुकादम खाली आहे हे तिला ठाऊक होतं, बाईसाहेब. आधी तिनं 'थांबा, मुकादम अजून' असं लिहिलं होतं. मी या डोळ्यांनी वाचलं. मग ते पुसलं आणि 'मोकळं' लिहिलं. चूक नव्हे ती. तिनं ठरवून केलं. मी ओरडेपर्यंत बहिऱ्यानं कळ दाबली होती. आणि ओरडून तरी काय उपयोग?"

"बहिऱ्यानं नाही वाचलं ते?"

"त्याचा एक हात कळीवर, लक्ष कुठे कोण जाणे. वाचलं असेल तरी आता बोलणार नाही. अडकेल ना तोही."

बाईंनी पाण्याचा पेला उचलला. एक घोट घेतला आणि पेला सावकाश खाली ठेवला. कानाशी पोरीचा श्वास त्यांना अजून जाणवत होता. 'थांबा, मुकादम अजून'. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

"हे फार महत्त्वाचं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आपण आडोशात चला माझ्याबरोबर. एकदा मला दाखवा, कसं कसं दिसलं ते."

६

घारीच्या खोलीला बाहेरून कुलूप घालून बाईंनी किल्ली आपल्याजवळ ठेवली. दाराशी रखवालदार बसवला. मग जावईबापूंच्या हातात केबिनची किल्ली देऊन त्यांना थोरल्या मालकांबरोबर कड्यावर धाडलं, आणि काय करायचं ते दोघांना दोन वाक्यांत सांगितलं. जावईबापूंनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "सांगितलं तेवढंच करा, जावईबापू. अक्कल नंतर वापरा."

गर्दीला पोरगी हवी होती, बाकीच्यांना वाट मिळाली. आडोसा म्हणजे सिमेंटची खोली. जाड भिंत, एक फट, एक टेबल, त्यावर तो काळा पडदा. भिंतीला दोन पहारी टेकवलेल्या. सुरुंगाची कळ बाईंनी आधीच काढून घेतली होती. बहिऱ्या स्टुलावर बसला, धाकटे त्याच्यामागे दारात, आणि बाई दोघांच्या मध्ये.

"इथेच उभे होतात?"

"इथेच."

"लिही रे," बाई बहिऱ्याला म्हणाल्या. त्यानं दोन बोटांनी टाईप केलं, 'झालं का?'

पडदा शांत. खालच्या ओळीवर पांढरा चौकोन लुकलुकत होता. बाहेरून गर्दीचा आवाज लाटेसारखा येत होता, जात होता. लुकलुक, लुकलुक. धाकट्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

मग एकदम ओळ उमटली. 'मोकळं'.

"काय दिसलं?" बाईंनी विचारलं.

"मोकळं," बहिऱ्या म्हणाला. "तेव्हाही एवढंच दिसलं होतं."

"पण आत्ता तिकडून कोणी 'थांबा' लिहिलंच कुठे?" धाकटे म्हणाले. "लिहिलं असतं तर दिसलं असतं. साधी गोष्ट आहे."

बाईंनी बहिऱ्याला खूण केली. त्यानं लिहिलं, 'तिकडे काय केलंत?'

उत्तर यायला वेळ लागला. लिहिणारा हात म्हातारा आणि सवय नसलेला होता.

'मी थोरला मालक. जावयानं आधी थांबा मुकादम अजून असं लिहिलं. मी शेजारी बसून वाचलं. मग एकेक अक्षर पुसलं. मग मोकळं लिहिलं आणि एंटर दाबलं. तिकडे थांबा दिसलं का?'

थोरल्या भावानं धाकट्याच्या गळ्यात फास घातला होता, आणि त्याला स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

"ओळ पुरी करून एंटर दाबेपर्यंत इथलं अक्षर तिथे जात नाही," बाई पडद्याकडे बघतच म्हणाल्या. "अर्धी ओळ लिहिणाऱ्याच्या पडद्यावर असते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. वायरीतही नाही, आणि असती तरी वायरीला कुलूप. इथे उभ्या माणसाला ती कधीच दिसली नसती, मालक. ती एकाच जागेवरून दिसते. त्या पोरीच्या खांद्यामागून. ती लिहायला लागल्यापासून कोणीतरी ते पुसेपर्यंत, तेवढ्याच वेळात."

"तिनं सांगितलं असेल कोणाला तरी—"

"शुद्धीवर आली ती माझ्या मांडीवर. तिनं मला सांगितलं, मी कोणाला नाही. आता तुम्ही मला सांगितलंत, शब्दाला शब्द लावून. जावईबापू असते तर ही चूक झाली नसती, त्यांना हे साधन आतून ठाऊक आहे. तुम्हाला वाटलं, जे इथे दिसतं ते तिथे दिसतं. तिच्या डोक्यात दगड घातलात, दिसलं ते घाईत पुसलंत, 'मोकळं' लिहिलंत. आणि मग भीती वाटायला लागली, की बहिऱ्यानं ते 'थांबा' वाचलं असेल तर? तो बोलला तर? म्हणून तुम्हीच आधी बोललात. 'थांबा'चं कोणी विचारलं नव्हतं हो. गप्प बसला असतात तर मी अजून जावईबापूंच्या तोंडाकडे बघत बसले असते."

धाकटे हसले. हसत हसतच त्यांनी हात मागे नेला आणि पहार उचलली.

पहिला घाव बाईंच्या खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज त्यांनी आतून ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा. त्या टेबलावर आदळल्या. दुसरा घाव डोक्याचा होता, पण तो पडदा फोडून गेला, कारण बहिऱ्यानं स्टूल फिरवलं होतं. त्याला बोललेलं ऐकू आलं नव्हतं. पण थोरल्यांची ओळ त्यानं वाचली होती, मान वळवून बाईंचे ओठ वाचले होते, आणि दोन्ही जोडायला त्याला फार अक्कल लागली नाही.

स्टुलाचा पाय धाकट्यांच्या जबड्यावर बसला. पहार खणकन पडली. मग बहिऱ्या त्यांच्या छातीवर बसला आणि मारू लागला. ओरडत नव्हता. एखादं काम उरकावं तसं मारत होता, एक हात, दुसरा हात, एक हात. नाक गेलं. दात गेले. देखणा चेहरा कुठे होता ते शोधावं लागलं असतं.

"सोड!" बाई ओरडल्या. कोणाला ऐकू येणार? त्या सरपटत पुढे गेल्या, मोडका हात पोटाशी धरून, आणि चांगल्या हातानं बहिऱ्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"समोरून," त्या ठळक म्हणाल्या. "नाव घेऊन. तूच म्हणाला होतास ना? हा आता पडलेला आहे."

बहिऱ्याचा उचललेला हात वरच राहिला. मग हळूहळू खाली आला, स्वतःच्याच गुडघ्यावर.

७

खाणीवर बातमीला पाय लागत नाहीत. धाकट्यांना आडोशातून ऑफिसपर्यंत आणायचं म्हणजे त्याच गर्दीतून आणायचं होतं. मघाशी पोरीसाठी घेतलेल्या पहारी आता यांच्यासाठी तयार होत्या. बाई पुढे चालत होत्या, हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढरा. मागे धाकट्यांना धरून बहिऱ्या. थोरले मालक कड्यावरून उतरले होते आणि भावाकडे न बघता त्याच्या बाजूनं चालत होते. कोण त्यांना ढकलत होतं, कोण थुंकत होतं, ते पुसतही नव्हते.

ऑफिसच्या पायरीशी गर्दीनं वाट अडवली.

"वहिनीला विचारा!" कोणीतरी म्हणालं. "तिचा माणूस गेलाय. ती म्हणेल तसं!"

मुकादमाची बायको गर्दीतून पुढे आली. डोळ्याखाली जुना निळसर डाग, ओठाशी नवी खपली. तिनं धाकट्यांच्या त्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. कोणीतरी तिच्या हातात दगड दिला. तिनं तो घेतला, जड होता म्हणून खाली ठेवला.

"मागच्या महिन्यात ड्रिलवाला डंपरखाली आला," ती बाईंना म्हणाली. आवाज बसलेला होता. "तोल जाऊन पडला असं सांगितलं सगळ्यांना. डंपर हा चालवत होता, दारू पिऊन. माझ्या माणसानं बघितलं होतं. महिनाभर झोपला नाही. मला मारायचा आणि मग रडायचा. आज तुम्हाला सांगणार होता. सकाळी दाढी केलीन, म्हणाला, सांगून टाकतो. आता मी सांगते. कुठे सांगायचं ते दाखवा. पण हा जिवंत पाहिजे. मेला तर ऐकणार कोण?"

पुढचा एक डंपरवाला बाजूला झाला. त्याच्या मागचा झाला. वाट उघडली.

बाईंनी एका हातानं कुलूप काढलं. घार भिंतीला टेकून बसली होती. बांधलेल्या ओढणीतून रक्त पाझरायचं थांबलं होतं. दारात मुकादमाची बायको दिसताच ती उठायला धडपडली, पडली, आणि पाठ भिंतीला चिकटवून दोन्ही हात डोक्यावर घेतले.

मुकादमाची बायको तिच्यापुढे जमिनीवर बसली. तिचे हात डोक्यावरून अलगद खाली घेतले.

"मारायला नाही आले गं. तूच त्याला शेवटचं बघितलंस ना? ज्यांना बूट सापडला त्यांनी नाही, तू. काय करत होता?"

घारीनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली.

"दगडांमागे बघत होते," ती म्हणाली. "एकेका दगडामागे. कोणी नाही हे दिसत होतं, तरी प्रत्येक ठिकाणी वाकून बघत होते. एका ठिकाणी थांबले. हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं, आणि माझ्याकडे बघून हात केला. रोज नाही करायचे. आज केला."

"हसला का?"

"लांब होते."

"तुझी नजर चांगली आहे म्हणतात."

पोरगी जरा थांबली. "हो," ती म्हणाली. "हसले."

मुकादमाची बायको मान खाली घालून बसली. बाहेर रस्त्यावर पोलिसांची गाडी वळण घेत असल्याचा आवाज आला. निरीक्षकबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. पोरगी खरं बोलली की खोटं, हे शोधून काढणं त्यांना जमलं असतं. त्या वळून गाडीकडे बघू लागल्या.